सुडाचा भोपळा

...अहो नाही, खाजत नाही, सवय लागलीय नुसती! तुम्ही बघू नका इकडे, कोणी बघितलं की जास्त होतं. हे मनगटावर लाल लाल दिसतंय ना, हे रोगानं आलेलं नाही, औषधानं आलंय. आणि औषध कशाला घेतलं? तर रोग नव्हता म्हणून! हसा, हसा. तुम्हाला सांगतो, धडधाकट माणूस होतो मी, आयुष्यात साधी घामोळी उठली नव्हती मला. पण आमच्या सासूबाईंना सूड घ्यायचा होता! आता सूड घ्यायचा तर घ्यावा की, मी कुठं नाही म्हणतो? पण त्याला काही रीत असते. सूड घ्यायचा ना, तर धोंडा घ्यावा हो हातात... बी कशाला घ्यायचं?

धोंड्याचं कसं, उचलला, मारला, पळालो, विषय संपला. बियाचं तसं नाही. बी पेरा, पाणी घाला, उगवतंय का म्हणून रोज उकरून बघा, उगवलं की गोगलगाईंपासून राखा... इकडे तुमच्या रागावर साय धरायची वेळ येते, तरी तिकडे रोप आपलं दोन पानांवरच!

पण आमच्या सासूबाईंचा राग साय धरणारा नव्हे. त्यांची ओळख करून देतो, म्हणजे तुम्हाला समजेल मी कुठल्या घरात पडलोय. पडलोय म्हणजे घरजावई नाही हो मी! वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आहे. भाडं घेत नाहीत, एवढंच. तर सासूबाई जन्मभर एका नाटक कंपनीत मुखवटे करायच्या. राक्षस, राजे, म्हातारे, माकडं... मातीत तोंड घडवायचं, त्यावर प्लास्टर ओतून साचा काढायचा आणि साच्यातून मुखवटा. त्यामुळे त्या कोणाच्या तोंडाकडे बघतात ना, तेव्हा तोंड बघत नाहीत, माप घेतात! मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला पायांपासून बघायच्या ऐवजी हनुवटीपासून बघायला लागल्या आणि लेकीला म्हणाल्या, "मुलगा बरा आहे गं, पण खालचा भाग घाईत केलाय."

रिटायर झाल्या आणि भोपळ्यांच्या नादी लागल्या. साधे भोपळे नाहीत! साधा भोपळा दारात आला तर त्याला पाणीसुद्धा विचारणार नाहीत. कुठून कुठून बिया मागवायच्या. एक भोपळा बदकासारखा, मान वळवून मागं बघणारा. एक पगडी घातलेला. एक उकडला की आतून दोरेच दोरे निघणारा, ताटात वाढला की वाटावं कोणाचा तरी स्वेटर उसवलाय. एक निळसर राखाडी, आणि इतका कडक, इतका कडक की सुरी लागत नाही, कोयता लागत नाही, शेवटी सासरे तो घेऊन माझ्या जिन्यावर चढतात आणि वरून सोडून देतात! फरशी दोनदा बदलली. भोपळा तोच.

मागचं अंगण केवढं? पाण्याच्या टाकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. पण वेली कुठं अंगण ओळखतात? कपडे वाळत घालायच्या तारेवर वेल, टाकीवर वेल, माझ्या जिन्याच्या कठड्यावर वेल. सकाळी दार उघडायला जावं तर कडीला बाहेरून तणावा गुंडाळलेला. ऑफिसात सांगितलं, भोपळ्यानं कडी लावली म्हणून उशीर झाला. रजा कापली.

तर या सगळ्यांत सासूबाईंचा लाडका एक होता. फिकट गुलाबी, कळशीएवढा, आणि त्याच्या सगळ्या सालीवर हे असे... काय म्हणावं... शेंगदाणे चिकटवल्यासारखे फुगवटे. बायको एकदा म्हणाली, "आई, याला काय झालंय गं? आजारी दिसतोय." झालं! "आजारी नाही, गोड आहे तो! आत साखर मावेना झाली की सालीवर येते. तुझ्या नवऱ्यासारखं नाही, बाहेरून गुळगुळीत आणि आत काही नाही!" आता यात मी कुठून आलो? मी दोरे खात बसलो होतो बिचारा.

हा लाडका त्यांनी बागप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनात नेला. मंडळाचे अध्यक्ष कोण? गावातले स्किनचे डॉक्टर. चेहरा असा तुळतुळीत की माशी बसली तर घसरावी, आणि डोकं असं की हॉलमधली ट्यूबलाइट एकदा वर दिसायची आणि एकदा त्यांच्या टाळूवर. एकेका टेबलापाशी थांबत, मान डोलावत यायचे. गुलाब, "वा!" मिरच्या, "वा वा!" आणि आले सासूबाईंच्या टेबलापाशी. थांबले. चष्मा लावला. वाकले. एका बोटानं फुगवटा दाबला, दवाखान्यात दाबतात तसा, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कधीपासून आहे हे?"

मागं कोणीतरी खुसखुसलं.

"खाज सुटते का?"

हॉल हसला.

"बाई, याला प्रदर्शनात कशाला आणलंत? माझ्याकडे आणायचं! मलम लावा, मलम... सकाळ-संध्याकाळ!"

तुम्हाला सांगतो, अख्खा हॉल फुटला. मिरच्यांवाली बाई तर टेबल धरून हसत होती. मीसुद्धा... नाही, मी हसलो नाही. मला ठसका लागला. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, ती साखर आहे." पण ऐकतंय कोण? डॉक्टर पुढच्या टेबलाकडे निघालेसुद्धा आणि जाता जाता शिपायाला म्हणाले, "तो खाली ठेवा हो टेबलाच्या. लहान मुलं येतात, घाबरतील."

आणि ठेवला! शिपायानं उचलला आणि ठेवला टेबलाखाली, केरसुणीच्या शेजारी.

ज्या बाईनं जन्मभर राक्षस केले आणि पोरांना घाबरवायचे पैसे घेतले, तिला म्हणे पोरं घाबरतील! सासूबाईंनी खाली बसून तो भोपळा काढला, पदरानं पुसला, आणि बसमध्ये घरी येईपर्यंत मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत राहिल्या. डोळे कोरडे. मला तेच वाईट वाटलं. घरी आल्या, भोपळा टेबलावर ठेवला, लांबून बघितला, जवळून बघितला आणि म्हणाल्या, "कपाळ मोठं आहे मेल्याचं. साच्याला बरं."

मला वाटलं, भोपळ्याबद्दल बोलतायत.

दुसऱ्या दिवशी खाली गेलो तर स्वयंपाकघराच्या टेबलावर डॉक्टर! मातीचे हो, धड नाही, नुसतं तोंड. मंडळाच्या पत्रकावरचा फोटो समोर ठेवून सासूबाई त्यांचे गाल थापत होत्या. थापत म्हणजे जरा जास्तच जोरात थापत होत्या. बेत काय, तर मातीच्या तोंडावरून प्लास्टरचा साचा काढायचा, त्या फुगवट्यांच्या भोपळ्याचं कोवळं फळ वेलीवरच त्या साच्यात घालायचं, म्हणजे ते वाढून वाढून डॉक्टरांच्या तोंडाचं होणार, त्यावर फुगवटे येणार, आणि पुढच्या प्रदर्शनात भर हॉलमध्ये फडकं काढून म्हणायचं, "डॉक्टर, मलम लावा!"

म्हणजे बी पेरण्यापासून फडकं काढण्यापर्यंत एक अख्खा हंगाम! म्हटलं, "आई, त्यापेक्षा एक खरमरीत पत्र लिहू?" त्यांनी माझ्या हनुवटीकडे अशी नजर टाकली ना... सूड घ्यायचा तर धोंडा घ्यावा हो, पण हे सांगणार कोण, आणि या हनुवटीनं?

पुढं ऐका. फोटो होता समोरून, नाक बाजूनं कसं आहे ते कळेना.

"जावईबापू, तुम्ही जाऊन या दवाखान्यात."

"मला काही झालं नाहीये, आई."

"मग खाजवत जा."

गेलो. काय करता! डॉक्टर म्हणाले, "बोला, काय होतंय?" म्हटलं, "खाज." "कुठं?" आता हे मी ठरवलंच नव्हतं! पहिलं जे दिसलं ते म्हणालो, "मनगटाला." त्यांनी मनगट घेतलं, मी नाक घेतलं. म्हणजे नजरेनं. डावीकडून बघतोय, उजवीकडून बघतोय, वाकून खालून बघतोय... "अहो, माझ्याकडे काय बघताय? हात बघा!" दिलं एक मलम. घरी येऊन सांगितलं, नाक टोकाला जरा खाली वळतं. "जरा म्हणजे किती? चण्याएवढं का शेंगदाण्याएवढं?" पुन्हा गेलो! मग कान. "पाळी सुटी आहे का गालाला चिकटलेली?" पुन्हा गेलो! आणि दर वेळी नवं मलम, आणि मलम आणलंय तर बायको म्हणते लाव, फुकट कशाला घालवतोस... चौथ्या खेपेला माझं मनगट टोमॅटोसारखं लाल. डॉक्टर खूश! "आत्ता खरं दिसायला लागलं बघा! इतके दिवस मला काही सापडतच नव्हतं."

कोणाचं भांडण, कोणाचा भोपळा आणि कातडी कोणाची? माझी!

बरं, बी पेरलं. वेल आली, वाढली, फुलं आली. तुम्हाला ठाऊक आहे का, भोपळ्याला नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात? मला नव्हतं. सुखी होतो. मादी फुलाच्या खाली आधीच एक इवलासा भोपळा असतो, गोटीएवढा. आणि सासूबाईंना धास्ती की मधमाशी त्या बदकाचे पराग आणून टाकेल आणि पोटात डॉक्टरांच्या ऐवजी बदक वाढेल... बियांत गडबड नको म्हणे, पुढच्या वर्षी पण लागले तर? पुढच्या वर्षी पण! म्हणून फुलं उमलायच्या आत त्यांच्या तोंडाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावून ठेवायचे, आणि भल्या पहाटे मी बनियनवर अंगणात उभा, हातात नर फूल, पाकळ्या सोललेल्या, आणि सासूबाई मादी फुलाचा चिमटा काढून म्हणतायत, "हं, लावा. असं लाजता काय? गोल फिरवा. हळू! हळू हो, नाजूक असतं ते." शेजारचे गृहस्थ गच्चीवर दात घासत होते. थांबले घासायचे.

फळ धरलं. मुठीएवढं झालं, तसा साचा दोन बाजूंनी बसवला, हवेला भोकं, खाली पाणी निघायला भोक, आणि वरून माझ्या सुटकेसचे दोन्ही पट्टे आवळले. आमची सहल तेव्हापासून रद्दच आहे. आणि मग सुरू झालं ते... मी तुम्हाला कसं सांगू? ज्या माणसाचं नाव घेतलं तरी ज्या बाईचे दात करकरायचे, त्या माणसाच्या साच्याखाली तिनं मऊ गवत घातलं! उन्हाचा ताव चढला की साच्यावर छत्री धरली. आमच्या घरात एकच छत्री. पाऊस आला की आम्ही भिजायचो, डॉक्टर कोरडे! सकाळी उठल्या उठल्या आधी तिकडे, "काय म्हणतोय मेला?" आणि मेल्याला पाणी, मेल्याला खत, मेल्याच्या पानावर मावा दिसला तर साबणाच्या पाण्यानं एकेक पान पुसणार. सासरे आरामखुर्चीतून बघायचे. ते कमी बोलतात. एक दिवस म्हणाले, "मला ताप आला होता तेव्हा हिनं थर्मामीटर फेकला होता माझ्याकडे. झेल म्हणाली."

एकदा आम्ही चहा पीत होतो आणि अंगणातून आवाज आला, कट्ट! मी घाबरलो. सासूबाई कपासकट उठल्या. साच्याला चीर गेली होती, जबड्यापाशी. आतून भोपळा असा रेटत होता की प्लास्टर फुटलं. मला वाटलं, आता रडतील. त्या टाळ्या वाजवत आल्या. "गाल भरले! त्याचे गाल भरले!" तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोला पहिला दात आला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. हे मी नाही, सासरे म्हणाले.

मग साचा उघडला. आणि... आता थट्टा बाजूला ठेवून सांगतो. डॉक्टर! तेच कपाळ, तेच नाक, शेंगदाण्याएवढं वळलेलं, तीच चिकटलेली पाळी. वेलीला लटकलेले, डोळे मिटलेले, तुळतुळीत. मी आपोआप मनगट पुढं केलं.

सासूबाई त्याच्या समोर उकिडव्या बसल्या आणि बोटानं त्याच्या कपाळावर टिचकी मारून म्हणाल्या, "आता ये म्हणावं. आता बघते."

पण फळ अजून पिकायचं होतं, फुगवटे यायचे होते. म्हणून साचा काढून ते तसंच वेलीवर ठेवलं. रोज सकाळी मोजणी. "आज कपाळावर दोन आले!" आनंद. "नाकाशेजारी येतोय, मोठा येतोय!" परमानंद. इकडे आरशासमोर तालीम चालू. नाटक कंपनीत जन्म गेला ना, साधं बोलणं माहीत नाही. "डॉक्टर..." मग थांबायचं. "मलम लावा!" नाही. "डॉक्टर! मलम... लावा." नाही. "सकाळ-संध्याकाळ" वर जोर देऊन, हळू आवाजात, खर्जात, दात ओठ खाऊन. मला मध्येच थांबवून विचारायच्या, "कसं वाटलं? लागलं का?" म्हटलं, मला तर केव्हाच लागलंय, हे बघा मनगट!

एक गोष्ट मात्र त्यांच्या हिशेबात नव्हती. साच्यातून सुटल्यावर भोपळा आणखी सैल सुटला. गाल जरा ओघळले. डोळे आत गेले. जिथं चीर पडली होती तिथं हनुवटीखाली एक वळी आली. डॉक्टर म्हातारे दिसायला लागले. "बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "म्हातारा होऊन मरू दे." आणि ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसलं, मग कोरड्या फडक्यानं.

देठ सुकून लाकडासारखा झाला, सालीला नख लागेना, म्हणजे काढायची वेळ झाली. चाकू आणला. देठाची मूठ राखून कापायचा असतो, एका झटक्यात. सासूबाई चाकू धरून बसल्या आणि बसूनच राहिल्या. म्हटलं, "आई, मी कापू का?"

"खबरदार!" केवढ्यानं ओरडल्या! "हात लावू नका माझ्या डॉक्टरला!"

सासऱ्यांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वर धरला. सूड घ्यायचा तर धोंडा घ्यावा हो... धोंड्यात जीव गुंतत नाही!

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. हॉल तोच, मिरच्यांवाली तीच, टेबल तेच. टेबलावर फडक्याखाली डॉक्टर, टेबलामागं सासूबाई, नवी साडी, ताठ मान. मी दाराजवळ उभा, पळायला बरं म्हणून. डॉक्टर आले. "वा!" "वा वा!" करत करत आले. ओळखलं त्यांनी, हसले. "काय बाई, यंदा बरं वाटतंय का पेशंटला?" अहो, त्यांनी आपणहून मान पुढं केली! सासूबाईंनी फडकं काढलं.

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग मिरच्यांवाली म्हणाली, "अगंबाई, हे तर आपले..." आणि तोंडावर हात दाबला. मागून खसखस सुरू झाली. लोक टाचा उंचावून बघायला लागले. हसू असं लाटेसारखं वर येत होतं, आता फुटणार, आता फुटणार... आणि फुटलंच नाही. कारण डॉक्टर हसत नव्हते. चिडतही नव्हते. त्यांनी चष्मा लावायच्या ऐवजी काढला.

"यांना तुम्ही कुठं पाहिलंत?"

सासूबाई म्हणाल्या, "कोणाला?"

"आमच्या बाबांना."

मिरच्यांवालीनं तोंडावरचा हात खाली घेतला.

"असेच होते," डॉक्टर म्हणाले. आमच्याशी नाही, भोपळ्याशीच बोलत असल्यासारखे. "कपाळावर हे असे. आणि हा नाकाशेजारचा मोठा. कोणी घरी आलं की आपणहून उठून मागच्या खोलीत जाऊन बसायचे. म्हणायचे, पोरं घाबरतात रे, मी आहे आत. मी म्हटलं, बाबा, मी शिकतो, डॉक्टर होतो, मी काढतो सगळे. शेवटच्या वर्षाला होतो मी. थांबले नाहीत." त्यांनी बोट पुढं केलं. गेल्या वर्षी ज्या बोटानं दाबलं होतं तेच, पण आता नुसतं टेकवलं. "घरात एक फोटो नाही त्यांचा. काढूच द्यायचे नाहीत."

आता सासूबाईंची वेळ! वर्षभर धार लावलेलं वाक्य जिभेवर आलेलं. मी लांबून बघत होतो, त्यांनी श्वास घेतला, छाती भरली, तोंड उघडलं. "डॉक्टर..." म्हणाल्या. थांबल्या. तालमीत थांबायच्या त्यापेक्षा जास्त थांबल्या.

"डॉक्टर... देठाला धरून उचलू नका. देठ निखळला की कुजतो. खालून हात घाला. आणि कोरड्या जागी ठेवा, वाऱ्यावर."

"टिकेल?" डॉक्टरांनी डोळे पुसत विचारलं. लहान पोर विचारतं तसं.

"टिकेल की. हिवाळाभर टिकेल. पुसत जा... सकाळ-संध्याकाळ."

लोक म्हणतात, भ्रमाचा भोपळा फुटतो. इथं भोपळा शाबूत राहिला आणि बाकीचं सगळं फुटलं! डॉक्टरांनी तिथल्या तिथं पहिला नंबर जाहीर केला, दोन्ही हातांनी भोपळा उचलला, खालून हात घालून, आणि गाडीत पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. डॉक्टरीणबाई मागं बसल्या.

घरी येताना बसमध्ये सासूबाईंची मांडी रिकामी. पुन्हा खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, पाझरल्या. कसलं काय!

"मेल्यानं माझा सूड उचलून घरी नेला!"

अख्ख्या बसनं मागं वळून बघितलं.

"वर्षभर, वर्षभर राबले मी त्याच्यासाठी! आणि माफी? मागितली का त्यानं? टेबलाखाली ठेवला होता माझा भोपळा, केरसुणीपाशी, आठवलं तरी का त्याला?"

"अहो आई, पण पहिला नंबर दिला की त्यांनी."

"नंबर काय उकडून खाऊ? मला त्याला रडवायचं होतं!"

"रडले की ते."

"तसं नव्हतं रडवायचं!"

सूड घ्यायचा तर धोंडा घ्यावा, हे मी त्याच दिवशी बसमध्ये म्हणालो, आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत घरी आलो. उतरवलं त्यांनी.

आणि संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. आठवड्यानं दारात डॉक्टरीणबाई. "आमच्या सासऱ्यांचा झाला हो फार छान, पण ते एकटेच दिसतात बिचारे कपाटावर. माझ्या सासूबाईंचा होईल का? फोटो आणलाय." मग मंडळाचे सेक्रेटरी आले, वडिलांचा फोटो घेऊन. मग मिरच्यांवाली, तिचा काका बोटीवर गेला तो आलाच नाही. सासूबाई प्रत्येकाला दारातूनच नाही म्हणतात, ठणकावून म्हणतात, "मी काय मूर्तिकार आहे का?" आणि मग फोटो हातात घेऊन बघतात आणि त्यांच्या तोंडून निघून जातं, "नाक बाजूनं कसं होतं हो?"

झालं! आता अंगणात नजर टाकावी तिथं कोणाचे तरी वडील लोंबतायत. टाकीवर मामा, तारेवर आजोबा. मी जिना उतरताना तीन जणांची माफी मागतो. आणि यात एक वेल बाजूला, भिंतीपाशी, खास डॉक्टरांसाठी. सूड सोडलेला नाही त्यांनी! दरवर्षी तोच साचा, दरवर्षी तीच तालीम, त्यांना तरुण, तुळतुळीत, माजलेला डॉक्टर हवाय. पण काय होतं, साच्यातून निघतो तेव्हा अगदी डॉक्टर असतो... आणि मेला पिकला की बापावर जातो! की लगेच खरे डॉक्टर येऊन, खालून हात घालून, घेऊन जातात. कपाटावर गर्दी झालीय म्हणे बाबांची.

एवढं सगळं सोसलं असतं हो मी. पण दहा साचे लावले तर चार बिघडतात. कोणाचं नाक मुडपतं, कोणाला एकच कान येतो, कोणाचं कपाळ तडकतं. असे बाद झालेले लोकांना कसे देणार? मग ते जातात कुठं? आमच्या स्वयंपाकघरात! काल सेक्रेटरींचे वडील होते. अर्धे काल झाले, अर्धे आज डब्यात आहेत. बायको विचारते, "आणखी वाढू का रे?" म्हटलं, वाढ... स्वभावानं फार कडक होते म्हणे, पण शिजले बरे.